प्रश्न तुमचे : फुलस्क्रीन केलं की व्हिडिओ का अडतो?

गेल्या काही दिवसांत एकाच दुखण्याची पत्रं बरीच आलीत. लॅपटॉपवर ब्राउझरमधे व्हिडिओ छोट्या चौकटीत नीट चालतो आणि फुलस्क्रीन केला की काहीतरी बिनसतं, कुणाचा अडखळतो, कुणाचा काळा पडतो, कुणाला खालची पट्टी जात नाही. म्हणून यावेळचं सगळं सदर याच विषयाला दिलंय. बऱ्याच जणांना आधीच कुणीतरी "नवीन लॅपटॉप घ्या" असं सांगून टाकलंय, आणि ते वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण यातल्या एकाही पत्रात नवीन लॅपटॉपची गरज नाहीये.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे, मिरजेला राहतो. २०१४ साली घेतलेला लॅपटॉप आहे, विंडोज १०, ४ जीबी रॅम. संध्याकाळी यूट्यूबवर जुन्या संगीत नाटकांची रेकॉर्डिंग बघतो. छोट्या चौकटीत उत्तम चालतं. फुलस्क्रीन केलं की चित्र धक्के खातं, तान आधी ऐकू येते आणि गाणाऱ्याचं तोंड नंतर हलतं. दुकानात दाखवला तर म्हणाले लॅपटॉप म्हातारा झाला, नाहीतर नेटचा प्लॅन वाढवा. प्लॅन १०० एमबीपीएसचा केला, काडीचा फरक नाही. नातवाने क्वालिटी १०८० वर ठेवून दिलीय, तरी तसंच.

उत्तर : सर, तान आधी येते आणि तोंड नंतर हलतं, या तुमच्या एका वाक्यातच सगळं आलं. नेट कमी पडतं तेव्हा आवाज आणि चित्र दोन्ही थांबतं आणि मधे ते गोल चक्र फिरायला लागतं. आवाज सुरळीत आणि चित्र तेवढं अडखळतंय, म्हणजे व्हिडिओ घरापर्यंत व्यवस्थित पोचतोय, पण तो उलगडून पडद्यावर मांडायला लॅपटॉपला वेळ पुरत नाहीये. म्हणजे प्लॅनचे पैसे फुकट गेले. नेटफ्लिक्सवाले सुद्धा १०८० साठी ५ एमबीपीएस आणि ७२० साठी ३ एमबीपीएस पुरे म्हणतात, तुमच्याकडे आधीच भरपूर होतं.

आता छोट्या चौकटीत का चालतं ते बघा. क्वालिटी ऑटोवर असली की यूट्यूब चौकटीचा आकार बघून ठरवतं काय पाठवायचं, छोटी असली तर ४८० वगैरे पाठवतं, मोठी केली की चढवतं. ४८० च्या एका चित्रात साधारण ४ लाख ठिपके असतात आणि १०८० च्या एका चित्रात २० लाखांच्या वर, म्हणजे पाचपट काम, आणि ते सेकंदाला २५-३० वेळा. व्हिडिओ ६० फ्रेमचा असेल तर त्याच्याही दुप्पट. नातवाने प्रेमाने १०८० केलंय, पण तुमच्या वयाच्या लॅपटॉपचा स्क्रीन बहुतेक १३६६ बाय ७६८ चा असतो, म्हणजे त्या पडद्यावर ठिपकेच मुळात साडेदहा लाख आहेत. १०८० चं चित्र आणून मशीन ते परत लहान करून दाखवतं, मेहनत दुप्पट आणि डोळ्याला फरक शून्य. तेव्हा पहिलं काम, दातेरी चक्रावर क्लिक करून क्वालिटी ७२० करा. जुनी नाटकाची रेकॉर्डिंग मुळात ज्या कॅमेऱ्याने काढलीत त्यात बऱ्याचदा ४८० च्या वर काही नसतंच, तिथे ४८० च ठेवा, बिनधास्त.

दुसरी गोष्ट जरा खोलात जाऊन सांगतो कारण खरी मेख तिथे आहे. व्हिडिओवर राइट क्लिक करा, खाली 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' असं येईल ते दाबा. डाव्या कोपऱ्यात एक काळी चौकट उघडेल, घाबरू नका, त्यातल्या दोनच ओळी बघायच्यात. एका ओळीत फ्रेम्स आणि त्यापुढे 'ड्रॉप्ड' असं लिहिलेलं असतं, म्हणजे किती चित्रं वेळेत मांडता न आल्यामुळे टाकून दिली. फुलस्क्रीन करा आणि तो आकडा बघत बसा, भराभर वाढत असेल तर दोष मशीनकडे हे पक्कं झालं. दुसरी ओळ 'कोडेक्स'ची, म्हणजे व्हिडिओ कुठल्या प्रकाराने आवळून पाठवलाय ते. तिथे एव्हीसी१ असेल तर तो जुना सर्वमान्य प्रकार, व्हीपी०९ किंवा एव्ही०१ असेल तर नवीन प्रकार. नवीन प्रकारात डेटा कमी लागतो म्हणून यूट्यूब शक्यतो तेच पाठवतं, पण ते उलगडायची सोय ग्राफिक्स चिपमधेच असावी लागते. इंटेलच्या चिपमधे व्हीपी९ ची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आली, म्हणजे २०१६-१७ च्या सुमारास, आणि एव्ही१ ची २०२० मधे अकराव्या पिढीपासून. तुमचा २०१४ चा म्हणजे बहुधा चौथ्या पिढीचा असेल, स्टिकरवर किंवा सिस्टिमच्या माहितीत आय३ नंतर डॅश आणि मग ४ ने सुरू होणारा आकडा दिसेल. या चिपला जुना प्रकार चुटकीसरशी जमतो, नवीन प्रकार आला की सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो आणि तो धापा टाकतो.

यावर उपाय आहे आणि फुकट आहे. फायरफॉक्समधे एच२६४इफाय नावाचं छोटं ॲड-ऑन मिळतं, ते टाकलं की यूट्यूबला सांगितलं जातं की मला जुनाच प्रकार पाठव. मग परत ती काळी चौकट उघडून बघा, कोडेक्समधे एव्हीसी१ आलं पाहिजे आणि ड्रॉप्डचा आकडा थांबला पाहिजे. माझ्या वडिलांच्या लॅपटॉपवर मी हेच केलंय, तोही साधारण तुमच्याइतकाच जुना, आणि ते रोज रात्री त्यावर कीर्तन ऐकतात. ४ जीबी रॅम आहे तर नाटक लावताना बाकीचे टॅब बंद करत जा एवढं पथ्य पाळा.

एक काळजीची गोष्ट वेगळी सांगतो, विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाटकं बघायला लॅपटॉप उत्तम आहे, बँकेचं काम मात्र त्यावर करू नका सर.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे, पुण्यात रूमवर राहतो. फुलस्क्रीन केलं की स्क्रीन पूर्ण काळी, आवाज येत राहतो. एस्केप दाबलं की परत दिसतं. लॅपटॉप दोन वर्षांपूर्वीचा आहे, गेमिंगचा, दोन ग्राफिक्स कार्डवाला. मित्र म्हणतो फॉरमॅट मार.

उत्तर : फॉरमॅट मारू नकोस रे, प्रोजेक्टचा डेटा जाईल आणि दुखणं तिथेच राहील. फुलस्क्रीन झाल्यावर ब्राउझर व्हिडिओ थेट ग्राफिक्स कार्डकडे सोपवतो, छोट्या चौकटीत जो मार्ग असतो तो वेगळा आणि फुलस्क्रीनचा वेगळा. ही सोपवासोपवी फसली की आवाज चालू आणि चित्र गायब.

आधी खिडकीचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाब. स्क्रीन क्षणभर लुकलुकेल, बारीक बीप येईल, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, तेवढ्यात नव्याने सुरू होतो, उघडलेलं काही बंद होत नाही. त्याने जमलं तर आजचं भागलं. नाही जमलं तर इनकॉग्निटोमधे तोच व्हिडिओ लावून बघ, तिथे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी ॲपं, आपोआप बंद असतात, तिथे नीट दिसला तर चोर एक्स्टेंशनमधे आहे, एकेक बंद करून पकड. तिथेही काळाच असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमधे सिस्टिममधे जा, 'यूज ग्राफिक्स ॲक्सलरेशन व्हेन अव्हेलेबल' असं बटण आहे, ते बंद कर आणि रीलाँच कर. बहुतेक वेळा इथे चित्र येतं.

आणि इथेच सगळे थांबतात, जिथे बघावं तिथे "ॲक्सलरेशन ऑफ करा, झालं" एवढाच सल्ला असतो. मला तो पटत नाही. ते बटण बंद ठेवलं की ग्राफिक्स कार्ड रिकामं बसतं आणि सगळं काम प्रोसेसर करतो, पंखा ओरडायला लागतो, बॅटरी भराभर उतरते. बटण बंद केल्यावर चित्र आलं याचा अर्थ एवढाच की दोष ड्रायव्हरकडे आहे. तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर जाऊन तुझ्या मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर घे, दोन्ही कार्डांचा, टाक, रीस्टार्ट कर आणि ते बटण परत चालू कर. तरी काळं पडलं तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमधे खाली ग्राफिक्स म्हणून आहे, तिथे ब्राउझर निवडून 'पॉवर सेव्हिंग' कर, म्हणजे ब्राउझर दोनपैकी साध्या, कमी वीज खाणाऱ्या ग्राफिक्सवर चालेल आणि मोठं कार्ड गेमसाठी राहील. व्हिडिओ बघायला साधं पुरतं.

एक शक्यता राहिली. फक्त पैसे भरून बघायच्या साइटवरच काळं पडत असेल आणि यूट्यूब नीट असेल तर गोष्ट वेगळी, ती पुढे टीव्हीच्या प्रश्नात आलीय.

प्रश्न : फुलस्क्रीन केल्यावरही खालची टास्कबारची पट्टी जात नाही, सबटायटल झाकले जातात. (गृहिणी, नाशिक)

उत्तर : ताई, पट्टीवर एखादं चिन्ह केशरी होऊन लुकलुकतंय का बघा. एखाद्या ॲपला तुमचं लक्ष हवं असेल तर ते पट्टीला धरून ठेवतं, त्यावर एकदा क्लिक करून काय म्हणतंय ते बघून टाका, पट्टी जाईल. नाही गेली तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात 'विंडोज एक्सप्लोरर' शोधा, राइट क्लिक करून रीस्टार्ट. पट्टी क्षणभर नाहीशी होऊन परत येईल, मग व्हिडिओ मोठा करा.

प्रश्न : चंद्रपूरहून लिहितेय. पहिली १५-२० मिनिटं फुलस्क्रीन एकदम झकास चालतं, मग हळूहळू अडायला लागतं. लॅपटॉप बंद करून तासाभराने लावला की परत झकास. मुलं दुपारी गादीवर लोळून बघतात.

उत्तर : ताई, गादी हेच कारण आहे, आणि चंद्रपूरचा उन्हाळा. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं, आणि तुमच्याकडे मे महिन्यात खोलीतच काय असतं ते तुम्हाला माहितीये. चिप एका मर्यादेपलीकडे तापली की स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करते, म्हणूनच तुमच्याकडे आधी नीट आणि मग अडत अडत चालतं. बिघाड झालेला नाही, मशीन जीव वाचवतंय.

लॅपटॉप उलटा करून बघा, पोटाला बारीक जाळी असते, तिथून हवा आत जाते. गादीवर ठेवला की ती जाळी चादरीत रुतते आणि हवा बंद. कडेच्या किंवा मागच्या फटीतून गरम हवा बाहेर येते, तिथे हात धरा, व्हिडिओ चालू असताना झोत लागला पाहिजे. पंख्याचा आवाज येतोय पण हाताला हवा लागत नाही तर आत धुळीचा थर बसलाय, अगदी नमद्यासारखा बसतो. दुकानात उघडून साफ करून घ्या, हे काम खरंच दुकानाचं आहे. घरी करायचं तर लॅपटॉप बंद करून मऊ ब्रशने फक्त जाळी झाडा. रोजच्यासाठी पाट किंवा लाकडी चौरंग घ्या, त्यावर ठेवा. आणि चार्जर लावून बघा, बॅटरी कमी असताना क्रोमचा एनर्जी सेव्हर मुद्दाम चित्राचा वेग उतरवतो, तेही अडखळण्याचं कारण असू शकतं.

प्रश्न : चिपळूणला आमचं एकत्र कुटुंब आहे, नऊ माणसं. रविवारी लॅपटॉप एचडीएमआय वायरने टीव्हीला लावून पिक्चर बघतो. यूट्यूब टीव्हीवर दिसतं, पण पैसे भरलेलं ॲप ब्राउझरमधे फुलस्क्रीन केलं की टीव्ही काळा. शिवाय चित्राच्या कडा कापल्या जातात आणि आवाज लॅपटॉपमधूनच येतो. आई म्हणते पैसे परत मागा.

उत्तर : आईंना सांगा थोडं थांबा, पैसे वाया गेलेले नाहीत. पैसे भरून बघायच्या साइट व्हिडिओ कुलूप लावून पाठवतात. ते कुलूप लॅपटॉप, वायर आणि टीव्ही या तिघांनी मान्य करावं लागतं, त्याला एचडीसीपी म्हणतात. मधला एक जरी ते मानणारा नसला तरी चित्र रोखलं जातं. यूट्यूबवरच्या साध्या व्हिडिओला असं कुलूप नसतं म्हणून ते दिसतं. मधे स्वस्तातला स्प्लिटर किंवा व्हीजीएचं कन्व्हर्टर असेल तर आधी ते काढा आणि सरळ एक वायर लावा, मी बघितलेल्या घरांत बहुतेक वेळा गुन्हेगार तेच असतं. टीव्हीचं दुसरं एचडीएमआय भोक वापरून बघा. मग खिडकीचं बटण आणि पी दाबा, 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडा, म्हणजे चित्र फक्त टीव्हीवर जाईल, दोन स्क्रीनवर एकदम दाखवताना कमकुवत स्क्रीनमुळे दोन्हीकडे अडतं. तरी काळंच असेल तर क्रोमच्या ॲड्रेसच्या जागी क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि कंपोनंट्स असं इंग्रजीत टाइप करा, यादीत 'वाइडवाइन' शोधा आणि त्याखालचं 'चेक फॉर अपडेट' दाबा, कुलूप उघडणारा भाग तोच आहे. स्क्रीन रेकॉर्ड करणारं एखादं ॲप मागे चालू असेल तर तेही बंद करा.

कडा कापल्या जातात तो दोष टीव्हीचा आहे. टीव्हीच्या रिमोटवर पिक्चर साइज किंवा आस्पेक्ट म्हणून असतं, त्यात 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' करा, कंपनीप्रमाणे नाव बदलतं. आवाजासाठी लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट म्हणून टीव्हीचं नाव निवडा.

प्रश्न : मी जर्मनीत असते, आई साताऱ्यात. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून दोघी मिळून सिरियल बघायचा प्रयत्न केला, माझ्याकडे नीट दिसतं, आईला काळं.

उत्तर : ताई, हेही तेच कुलूप. पैसे भरलेल्या साइटचा व्हिडिओ शेअर करताना मुद्दामच काळा केला जातो, तुमच्याकडे काही बिघडलेलं नाही, त्याच्यामागे लागू नका. दोघींनी आपापल्या लॅपटॉपवर सिरियल लावा, कॉल फोनवर ठेवा आणि तीन म्हटलं की एकदम प्ले दाबा. घरचे व्हिडिओ किंवा यूट्यूब दाखवायचं असेल तर पूर्ण स्क्रीन शेअर न करता फक्त तो टॅब शेअर करा आणि आवाज शेअर करायच्या चौकोनात खूण करायला विसरू नका, नाहीतर आईला चित्र दिसेल आणि ऐकू काहीच येणार नाही.

प्रश्न : दरवेळी फुलस्क्रीन केलं की वर "बाहेर यायला एस्केप दाबा" अशी पट्टी येते. ती कायमची कशी घालवू? (वाचक, ठाणे)

उत्तर : घालवू नका. का ते पुढच्या पत्रात बघा.

प्रश्न : आई अमरावतीला एकटी असते. मॅच बघायला कुठल्यातरी फुकटच्या साइटवर गेली. प्ले दाबलं तर "तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झालाय, अपडेट करा" आलं. ते दाबल्यावर पूर्ण स्क्रीनभर निळी पाटी, मोठ्याने भोंगा, "तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय, बंद करू नका, या नंबरवर फोन करा". आई घाबरून गेली, फोन केला, त्यांनी एक ॲप टाकायला सांगितलं तेवढ्यात मी पोचलो. लॅपटॉप बिघडला का?

उत्तर : दादा, तुम्ही वेळेवर पोचलात हे फार बरं झालं. लॅपटॉप बिघडलेला नव्हता, ते नुसतं वेबपेज होतं, फुलस्क्रीन झालेलं. ब्राउझरची वरची पट्टी, ॲड्रेस, बंद करायची फुली, सगळं झाकलं गेलं की साधं चित्रसुद्धा कॉम्प्युटरचा खरा संदेश वाटतं, आणि म्हणूनच फुलस्क्रीन होताना ब्राउझर ती एस्केपची पट्टी दाखवतो. ठाण्याच्या वाचकांनाही हेच सांगायचंय.

आईला एवढं करून दाखवा, दोन-तीनदा त्यांच्याच हाताने. एस्केपचं बटण दाबून तसंच धरून ठेवायचं, नुसतं टिचकी मारून सोडायचं नाही, कारण काही पानं नुसत्या टिचकीला दाद देत नाहीत. नाही निघालं तर ऑल्ट आणि एफ४. तरी नाही तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून सरळ बंद करायचं, त्याने काही जळत नाही. परत सुरू केल्यावर "आधीची पानं उघडू का" असं ब्राउझरने विचारलं तर नाही म्हणायचं. फ्लॅश प्लेअर तर ३१ डिसेंबर २०२० लाच बंद झालाय, तो अपडेट करा म्हणणारी प्रत्येक पाटी खोटी, हे कागदावर लिहून लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवा. आणि खरी विंडोज कधीही स्क्रीनवर फोन नंबर देऊन फोन करा म्हणत नाही.

आता त्या दिवशीचं. ॲप अर्धवट जरी उतरलं असेल तरी नेट बंद करून ते काढून टाका, डाउनलोडच्या फोल्डरमधली फाइलसुद्धा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आहे त्याचं फुल स्कॅन लावा. बँकेचा पासवर्ड आईने फोनवर सांगितला का ते शांतपणे विचारा, रागावू नका, रागावलं की माणसं पुढच्या वेळी लपवतात. सांगितला असेल किंवा एक रुपया जरी गेला असेल तर लगेच १९३० वर फोन करा, सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त. आणि मॅच ज्या अधिकृत ॲपवर दाखवतात ते आईच्या लॅपटॉपवर तुम्ही स्वतः लॉगिन करून बुकमार्क करून द्या, म्हणजे त्यांना शोधत फिरावं लागणार नाही.